कर्करोगाचे सोंग घेणारा आजार



पावसाळा सुरू झाला की आमच्या रत्नागिरीत दवाखान्याच्या बाकावर काविळीचे रुग्ण दिसू लागतात. काहींना दूषित पाण्यातून आलेली कावीळ असते, तर काहींना भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहिल्याने गाठणारा लेप्टोस्पायरोसिस. आज मात्र एका निराळ्या काविळीविषयी आपल्याशी बोलायचे आहे. ती पावसाळ्याची वाट पाहत नाही. तिच्यात ताप नसतो आणि पोटही फारसे दुखत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला ती हळूच येते आणि सोनोग्राफीच्या कागदावर असा एक शब्द घेऊन येते, की घरातले बोलणेच थांबते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. वय बहात्तर, निवृत्त शिक्षक, घरामागे हापूसची थोडी कलमे. महिनाभर भूक मंदावली होती, वजन चार किलो उतरले होते, अंगाला रात्रभर खाज सुटत होती. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि शौच पांढुरके झाले होते. माझ्याकडे येण्यापूर्वी पंधरा दिवस ते शेजारच्या गावी कावीळ ‘उतरवून’ घेत होते. हात धुतलेले पाणी पिवळे झाले म्हणजे कावीळ उतरली, असे त्यांना सांगण्यात आले होते. पाणी दर वेळी पिवळे होत होते. डोळ्यांचा पिवळेपणा मात्र वाढतच होता.

सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग सुजलेला होता आणि अहवालात ‘कर्करोगाची शक्यता’ असे लिहिले होते. मी त्यांच्या मुलाला बाजूला घेतले आणि म्हणालो, “मनाची तयारी ठेवा.”

हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या दिवशी मला नव्हता. शरीरातला एक कणही तोवर सूक्ष्मदर्शकाखाली गेला नव्हता. अहवालात ‘शक्यता’ हा शब्द होता. माझ्या तोंडून त्याचा निकाल झाला. आजचा लेख मुख्यतः त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींविषयी आहे.

एका गाठीची दोन कारणे

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. अन्न पचवणारे रस आणि साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन ती तयार करते. यकृतातून पित्त आणणारी नलिका आतड्यात उतरण्यापूर्वी या ग्रंथीच्या डोक्यातून जाते. त्यामुळे तिथे कोणत्याही कारणाने सूज आली, की नलिका दाबली जाते, पित्त तुंबते आणि रक्तात मिसळते. यालाच अडथळ्याची कावीळ म्हणतात. पित्त आतड्यात पोहोचत नाही म्हणून शौच पांढुरके होते. ते लघवीवाटे बाहेर पडू लागते म्हणून लघवी गडद होते.

हा अडथळा पित्ताच्या खड्याने होतो, तसाच स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगानेही होतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धसका कोकण-गोव्याला चांगलाच परिचित आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी या अवयवाचे नाव प्रथमच लक्षपूर्वक ऐकले असेल. उतारवयात वेदनेशिवाय कावीळ आली आणि स्वादुपिंडात गाठ दिसली, तर बहुतेक वेळा ती कर्करोगाचीच असते. हे आरंभीच स्पष्ट सांगतो, कारण पुढचे वाचून कोणी खोट्या आशेवर राहू नये.

परंतु ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘प्रत्येक वेळी’ नव्हे. क्वचित ही गाठ कर्करोगाची नसते. आपल्याच शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि आपल्याच ग्रंथीवर चाल करून जाते. घराच्या राखणदाराने घरच्याच माणसाला चोर समजावे, तसा हा प्रकार. संरक्षक पेशी स्वादुपिंडात आणि पित्तनलिकांच्या भिंतींत दाटी करतात, तिथे सूज येते, तंतू माजतात आणि नलिका अरुंद होतात. बाहेरून पाहता चित्र हुबेहूब कर्करोगाचे. या आजाराला ‘ऑटोइम्यून पॅनक्रिअॅटायटिस’ म्हणतात. पित्तनलिकाही त्यात सापडल्या, तर त्या भागाच्या आजाराला ‘आयजीजी-४ संबंधित पित्तनलिकादाह’ असे नाव आहे.

दोहोंत महत्त्वाचा फरक असा की, कर्करोगाला शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी लागते, तर हा दुसरा आजार बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ओसरतो.

हा आजार ओळखला कसा गेला?

फ्रान्समधील आंरी सार्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अशा विलक्षण स्वादुपिंडदाहाचे वर्णन केले होते. त्या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले होते. १९९५ मध्ये जपानमधील योशिदा यांनी त्याला ‘ऑटोइम्यून’ हे नाव सुचवले. खरा धागा हाती लागला तो २००१ मध्ये. जपानच्या मात्सुमोतो शहरातील शिन्शू विद्यापीठाच्या हामानो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ नावाचा घटक फार वाढलेला असतो. आयजीजी हे आपल्या रक्तातले प्रमुख प्रतिपिंड. त्याचे चार उपप्रकार आहेत आणि त्यांत चौथ्याचे प्रमाण एरवी सर्वांत कमी असते. पुढे दोन वर्षांनी कामिसावा यांनी मांडले, की हा केवळ स्वादुपिंडाचा आजार नाही. तोच आजार लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडे, फुप्फुसे, लसिकाग्रंथी अशा अनेक ठिकाणी प्रकट होऊ शकतो.

त्याआधी असे रुग्ण नव्हते, असे नाही. ते कर्करोग समजूनच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात. स्वादुपिंडाच्या डोक्याची ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया १९३५ पासून ओळखली जाते. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडावे लागतात. कर्करोग असेल तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते. मात्र कर्करोगाच्या संशयावरून काढलेल्या अशा शंभर स्वादुपिंडांत दोन-तीन या आजाराची निघतात, असा मोठ्या रुग्णालयांचा अनुभव आहे. संख्या लहान आहे. पण ज्याच्या घरचा माणूस त्या दोघा-तिघांत असतो, त्याला ती लहान वाटत नाही.

या आजाराचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रामुख्याने साठीच्या आसपासच्या व त्यापुढच्या पुरुषांत दिसतो. त्यात आयजीजी-४ वाढते आणि इतर अवयवही सापडतात. दुसरा तुलनेने तरुण वयात आढळतो, त्यात आयजीजी-४ सहसा वाढत नाही आणि काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाहही असतो. आपणा ज्येष्ठांचा संबंध मुख्यतः पहिल्याशी.

सुनेने पाहिलेल्या गाठी

पुन्हा अण्णांकडे येतो. घरच्यांनी त्यांना काहीच सांगितले नव्हते. मुंबईला न्यायचे की नाही, यावर ओटीवर दबक्या आवाजात चर्चा चालली होती. ‘टाटाला न्या’ असे कोणी म्हटले, तरी कोकणात घराचा धीर सुटतो. वास्तविक परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीला जाणे म्हणजे कर्करोगाचा शिक्का बसणे नव्हे. संशय दूर व्हावा म्हणूनही माणसे तिथे जातात. इकडे अण्णांनी कपाटातून सातबाऱ्याचे उतारे काढून गादीखाली ठेवले होते.

चौथ्या दिवशी त्यांची सून खाज कमी करणारे औषध न्यायला आली. जाताना दारात थांबून म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू? अण्णांच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आहेत. दुखत नाहीत. दीड-दोन वर्षं झाली. दाढेमुळे असतील म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दाढी करून देते ना मी, म्हणून हाताला लागतात. त्यांचा याच्याशी काही संबंध असेल का?”

मी अण्णांचे पोट तपासले होते, डोळे पाहिले होते. जबड्याखाली हात फिरवला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी सुपारीएवढ्या फुगल्या होत्या आणि वरच्या पापण्याही किंचित जड होत्या. मग सीटीची फिल्म पुन्हा प्रकाशासमोर धरली. स्वादुपिंडात एखादी सुटी गाठ नव्हती. डोक्याकडे सूज अधिक असली, तरी सगळी ग्रंथीच गुळगुळीत फुगलेली होती.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातील पोटविकारतज्ज्ञांना मी हे सारे लिहून कळवले. तिथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड झाले. यात जठरात दुर्बीण उतरवून, आतूनच सोनोग्राफी करून सुईने तुकडा घेतात. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. आयजीजी-४ च्या पेशींची दाटी आढळली. रक्तातील आयजीजी-४ वरच्या मर्यादेच्या चौपट होते. स्टिरॉइड सुरू झाले. दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा सूज निम्म्याहून अधिक उतरली होती आणि अण्णांचे डोळे पांढरे दिसू लागले होते.

घरी परतल्यावर ते मला म्हणाले, “तुम्ही सगळे दाराआड बोलत होतात. अहो, मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. फळ्याकडे तोंड असलं तरी मागे कोण कुजबुजतंय ते कळायचं मला. मलाच विचारलं असतंत, तर जबड्याच्या गाठी मीच दाखवल्या असत्या.”

निदान कशावर उभे राहते?

कोणत्याही एका तपासणीवर हे निदान करता येत नाही, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये पाच खांब सांगितले : तुकड्याची तपासणी, स्कॅनमधील चित्र, रक्तातील आयजीजी-४, इतर अवयवांतील खुणा आणि स्टिरॉइडला मिळणारा प्रतिसाद. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले, तेही याच धर्तीवर. हे खांब एकमेकांना आधार देतात. एकटा खांब छप्पर पेलत नाही.

रक्ताचेच पाहा. आयजीजी-४ ची वरची मर्यादा अनेक प्रयोगशाळांत डेसिलिटरला १३५ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. ते दुपटीहून अधिक असेल, तर पुराव्याला वजन येते. पण स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या काही रुग्णांतही ते थोडेसे वाढते. उलट, हा आजार असूनही ते काहींत वाढत नाही. कर्करोगासाठी करतात ती सीए १९-९ ही तपासणीही अशीच; केवळ पित्त तुंबल्यानेसुद्धा तिचा आकडा चढतो. म्हणून हातातल्या रिपोर्टवर लाल अक्षरात एखादा आकडा दिसला, तर त्यावरून घरीच निकाल लावू नये.

स्कॅनमध्येही फरक असतात. या आजारात स्वादुपिंड अनेकदा सरसकट फुगते, त्याभोवती पातळ सालीसारखी कड दिसते आणि आतली नलिका लांबवर अरुंद होते. कर्करोगात बहुधा एका जागी गाठ असते, तिच्या मागची नलिका फुगलेली आणि मागचा भाग सुकलेला असतो. परंतु कधी कधी हा आजारही एकाच जागी गाठ करतो आणि मग अनुभवी डोळेही फसतात. अशा वेळी तुकडा घेण्याला पर्याय नसतो. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीने अनेक कुटुंबे त्याला नकार देतात. तज्ज्ञ ती जोखीम तोलूनच सल्ला देतात. आपली शंका त्यांना उघडपणे विचारावी, पण भीतीपोटी परस्पर नकार देऊ नये.

दुसरी बाजू

अण्णांची हकिकत ऐकून एक गृहस्थ आपल्या आईची फाईल घेऊन आले होते. तिलाही वेदनेशिवाय कावीळ, स्वादुपिंडात गाठ, आयजीजी-४ किंचित वाढलेले. तज्ज्ञांनी तुकडा तपासण्यास आणि पुढे शस्त्रक्रियेस सुचवले होते. “आईलाही तोच आजार असेल, आधी गोळ्या देऊन पाहू,” असा त्यांचा आग्रह होता. मी नकार दिला. त्यांनी गोळ्या अन्यत्र मिळवल्या. आईला भूक लागू लागली, तरतरी आली, सगळ्यांना हायसे वाटले. स्टिरॉइडने भूक आणि उत्साह कोणालाही वाढतो. तो आजार बरा होत असल्याचा पुरावा नव्हे. अडीच महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा गाठ यकृतात पसरली होती आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेने ती बरी झालीच असती, असे मी म्हणू शकत नाही. पण ती संधी तिच्या हातून गेली, हे खरे.

म्हणून स्टिरॉइड देऊन पाहण्याचा प्रयोग तज्ज्ञांनी, कर्करोग नसल्याची शक्य तेवढी खात्री करूनच करायचा असतो. तो साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि त्याचा निकाल रुग्णाच्या भुकेवर नव्हे, पुन्हा केलेल्या स्कॅनवर ठरतो. सूज उतरली नाही, तर गोळ्या चालू ठेवत बसायचे नाही. कर्करोगाचा शोध पुन्हा घ्यायचा.

आणखी एक सावधगिरी. सांधेदुखीसाठी वा दम्यासाठी कोणी नाव नसलेल्या पुड्या देत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने या आजाराच्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकते.

गोळ्या सुरू झाल्यावर

उपचारात बहुधा प्रेडनिसोलोन दिवसाला ३० ते ४० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि काही आठवड्यांनंतर पायरीपायरीने कमी करतात. सुरू करण्यापूर्वी साखर, रक्तदाब, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्यावी. कारण दबलेला क्षयरोग किंवा हा विषाणू स्टिरॉइडखाली डोके वर काढू शकतो. गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यावी. बरे वाटले म्हणून ती एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले, की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते. ते पूर्ववत होण्यास वेळ द्यावा लागतो. प्रवासात गोळ्यांची पट्टी जवळ असावी.

घरात साखर मोजण्याचे यंत्र असावे. मधुमेह या आजारानेही होतो आणि स्टिरॉइडनेही वाढतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. ताप, खोकला, काळे शौच किंवा वागण्यात अचानक बदल दिसला, तर थांबू नये. शौच तेलकट, तरंगणारे होत असेल, तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत आहेत असे समजावे. जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूलनी ही उणीव भरून निघते. कावीळ झाली म्हणून महिनोन्महिने केवळ मऊभात आणि उसाचा रस, हे पथ्य करू नये. आधीच वजन उतरलेल्या ज्येष्ठाला डाळी, अंडे, मासे, ताक, नाचणी हवी. साखर वाढलेली असेल तर उसाचा रस नकोच.

पहिल्या प्रकारात साधारण तिघांपैकी एकाचा आजार पुन्हा उलटतो, विशेषतः पित्तनलिका सापडलेल्या असतील तर. अशा वेळी पुन्हा स्टिरॉइड, त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे किंवा रिटुक्सिमॅब वापरतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी इनेबिलिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. अण्णांचाही आजार दोन वर्षांनी एकदा उलटला. या वेळी लघवीचा रंग बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी ते स्वतःच फाईल घेऊन आले.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आपण रोज त्यांना आंघोळ घालता, दाढी करता, कपडे बदलता. डॉक्टरांच्या दहा मिनिटांपेक्षा आपल्या हातांना अधिक ठाऊक असते. म्हणून वहीत लिहून ठेवा : लघवी-शौचाचा रंग, दर आठवड्याचे वजन, खाज, जबड्याखाली वा पापण्यांवर सूज, नव्याने आलेला मधुमेह, चालू असलेली प्रत्येक गोळी आणि पुडी. पन्नाशीनंतर तापाशिवाय आलेली कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. स्कॅनची सीडी किंवा फिल्म जपून ठेवा. दुसरे मत घेताना नुसता कागद पुरत नाही. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारा : “तुकडा तपासला आहे का? आयजीजी-४ पाहिले आहे का? कर्करोगाव्यतिरिक्त दुसरे काही असू शकेल का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर “होय, सर्व पाहिले, हा कर्करोगच आहे” असे आले, तर मग वेळ दवडू नका.

आणि जे काही बोलायचे, ते रुग्णाला वगळून बोलू नका. आजार त्याचा आहे.

“मनाची तयारी ठेवा” हे वाक्य मी अजूनही कधी कधी म्हणतो. वैद्यकीत ते टळत नाही. पण आता तुकड्याचा अहवाल हातात आल्याखेरीज म्हणत नाही. आणि म्हणण्यापूर्वी खुर्चीवरून उठून रुग्णाच्या जबड्याखाली एकदा हात फिरवतो.